विमानतळावरचे नाव आणि पाच सेंटची यंत्रे

न्यूयॉर्कला कामानिमित्त येणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या तिकिटावर केव्हा ना केव्हा एलजीए ही तीन अक्षरे छापलेली असतात. रांगा, उशिरा सुटणारी विमाने आणि कित्येक वर्षे चाललेले बांधकाम यांच्या तक्रारीत या विमानतळाचे नाव इतक्यांदा उच्चारले गेले आहे की, त्यामागे एक हाडामांसाचा माणूस होता हे विसरायला होते. फिओरेलो ला गार्डिया हा तो माणूस. इटालियन भाषेत फिओरेलो म्हणजे छोटे फूल. उंची पाच फूट दोन इंच, आवाज चिरका आणि स्वभाव तापट. 1934 पासून 1945 अखेरपर्यंत, सलग तीन वेळा, ते न्यूयॉर्कचे महापौर होते. मंदीत बुडालेल्या शहराला त्यांनी पूल, बागा, घरे, रुग्णालये आणि विमानतळ दिले, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. पण त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले छायाचित्र यांपैकी कशाचेही नाही. त्यात महापौर हातात लांब दांड्याचा घण घेऊन उभे आहेत आणि समोर नाणे टाकून खेळायच्या जुगारी यंत्रांचा ढीग पडला आहे.

या चित्रामागची हकीकत घणापासून नव्हे, आईपासून सुरू होते. 11 डिसेंबर 1882 रोजी मॅनहॅटनमधल्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील आकिले हे इटलीहून आलेले वादक. पुढे ते अमेरिकी लष्करात बँडमास्तर झाले. आई इरेने त्रिएस्तच्या ज्यू घराण्यातली. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण गेले अॅरिझोनातल्या प्रेस्कॉटजवळच्या लष्करी ठाण्यावर. संसार बेताचा. आई दर आठवड्याला आकड्यांच्या जुगाराची चिठ्ठी घेई, रात्री पडलेल्या स्वप्नावरून आकडा ठरवी, आणि तो लागत नसे. यात फसवणुकीशिवाय काही नाही, असे वडील तिला बजावत. ही आठवण ला गार्डिया यांनी आयुष्याच्या अखेरीस आत्मचरित्रात आवर्जून लिहिली.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये. स्वप्नावरून आकडा काढण्याची विद्या गिरणगावातल्या चाळींनाही अवगत होती. शिवाय मुंबईच्या आकड्याचे मूळच न्यूयॉर्कमध्ये आहे. तिथल्या कापूसबाजाराचे उघडते आणि बंद होताना निघणारे भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर सट्टा लागे. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढण्याची पद्धत रूढ झाली आणि धंद्याला मटका हे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या वस्त्यांतला आकड्यांचा जुगारही असाच, प्रसिद्ध होणाऱ्या आर्थिक आकडेवारीवरून चाले. गरिबाचा जुगार दोन्ही शहरांत श्रीमंतांच्या बाजाराची सावली धरून वाढला.

प्रेस्कॉटमध्ये मुलाने आणखी एक गोष्ट पाहिली. पत्त्यांच्या टेबलावर सैनिकांचा पगार उडवून घेणारे, भपकेबाज कपड्यांतले धंदेवाईक जुगारी. त्यांच्याबद्दलची चीड आयुष्यभर टिकली. अपमानही टिकला. एकदा गावात माकड घेऊन पेटी वाजवणारा इटालियन आला, तेव्हा वर्गातल्या मुलांनी तुझे माकड कुठे आहे, असे विचारून फिओरेलोला चिडवले. पुढे महापौर झाल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या पेटीवाल्यांचे परवानेच बंद केले. गरीब पेटीवाल्यांचा यात काय दोष, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. ला गार्डिया यांच्या न्यायबुद्धीत व्यक्तिगत सल किती मिसळला होता, याचा हा नमुना ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

1898 च्या स्पॅनिश युद्धात सैन्याला पुरवलेल्या नासक्या मांसाने वडील आजारी पडले आणि नोकरीतून मोकळे झाले. कुटुंब त्रिएस्तला परतले. 1904 मध्ये वडील वारले. ठेकेदारांनी आपला बाप मारला, ही खूणगाठ मुलाने बांधली. तरुण फिओरेलो अमेरिकी वकिलातीत बुडापेस्टला कारकून झाला, नंतर फ्यूमे बंदरात प्रतिनिधी. तिथून अमेरिकेला निघणाऱ्या स्थलांतरितांची वैद्यकीय तपासणी जहाजावर चढण्याआधीच व्हावी, असा आग्रह त्याने धरला. समुद्र ओलांडून गेल्यावर नाकारले जाण्यापेक्षा घराजवळ नाकारले जाणे बरे, हा त्यामागचा विचार होता. पुढे 1907 ते 1910 एलिस बेटावर दुभाषा म्हणून नोकरी केली. इटालियन, जर्मन, क्रोएशियन, यिडिश अशा भाषांत दिवसभर परक्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि रात्री न्यूयॉर्क विद्यापीठात कायद्याचे वर्ग. 1910 मध्ये पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. व्हिसाच्या खिडकीपुढे ताटकळलेल्या आपल्या पिढीला हा तपशील इमारती आणि पुलांपेक्षा अधिक जवळचा वाटेल.

1916 मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले, पहिल्या महायुद्धात वैमानिक होऊन इटलीच्या आघाडीवर लढले आणि मेजर होऊन परतले. 1921 हे वर्ष मात्र क्रूर ठरले. तान्ही मुलगी आणि पाठोपाठ पत्नी थेआ, दोघी क्षयाने गेल्या. ते पुन्हा काँग्रेसमध्ये गेले आणि तिथे दारूबंदीचे कट्टर विरोधक म्हणून गाजले. 1926 मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या आपल्या कचेरीत पत्रकारांसमोर, बाजारात कायदेशीर मिळणारी दोन पेये एकत्र करून बिअर तयार करून दाखवली आणि अटक करा, असे आव्हान दिले. कोणी अटक केली नाही. ज्या कायद्याची अंमलबजावणी होऊ शकत नाही, तो कायदा पोलिसांना लाचखोर आणि नागरिकांना ढोंगी बनवतो, हा त्यांचा मुद्दा होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर आपल्याकडे हातभट्ट्यांचे जे पीक आले, ते पाहिलेल्यांना हा मुद्दा समजावून सांगायला नको. प्रश्न असा पडतो की, दारूबाबत इतका व्यवहारी असलेला हा माणूस त्याच गुत्त्यात ठेवलेल्या यंत्राबाबत इतका कठोर का झाला?

त्यासाठी यंत्राचा धंदा पाहिला पाहिजे. जुन्या अमेरिकेतल्या गुत्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाण्यावर चालणारे खेळ आले. सुरुवातीच्या पत्त्यांच्या यंत्रांत चांगली पाने आली तर गल्ल्यावरून बिअरचा पेला किंवा सिगार मिळे. यंत्र स्वतः पैसे देत नसे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार्ल्स फे या बव्हेरियन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत लिबर्टी बेल बनवले आणि ही उणीव दूर केली. तीन चाके, प्रत्येकावर थोडीशी चिन्हे, एक दांडा. तीन घंटा एका ओळीत आल्या की दहा निकेल, म्हणजे पन्नास सेंट, खळखळून बाहेर. फे यंत्र विकत नसे. तो ते गुत्तेवाल्याकडे ठेवी आणि गल्ला निम्मानिम्मा वाटून घेई. गुत्तेवाल्याला भांडवल लागत नसे, पगारी माणूस लागत नसे, जागा लागे ती एका कोपऱ्याची. जुगाराच्या इतिहासात यंत्राइतकाच महत्त्वाचा शोध या निम्म्या वाट्याचा आहे, असे माझे मत आहे. त्यानेच कोपऱ्यावरचा प्रत्येक दुकानदार या धंद्याचा भागीदार झाला.

पुढे शिकागोच्या मिल्स कंपनीने ही कल्पना उचलून कारखानदारी उत्पादन सुरू केले. ठिकठिकाणी बंदी आली, तसा धंद्याने वेष पालटला. यंत्राला च्युइंगम किंवा पेपरमिंटच्या वड्या देणारी नळी बसवली गेली. नाणे टाका, वडी घ्या. चाके फिरली तर तो निव्वळ योगायोग! हा जुगार नसून विक्रीयंत्र आहे, असा युक्तिवाद कोर्टात होई आणि अनेकदा टिके. यंत्रांच्या खिडकीतली चेरी, संत्री, आलुबुखार ही चिन्हे याच फळांच्या स्वादाच्या गमची आठवण आहे.

1930 च्या सुमारास न्यूयॉर्कमधली अशी हजारो यंत्रे फ्रँक कॉस्टेलो नावाच्या गुंडाच्या हाती होती. तोही ला गार्डियांसारखाच इटालियन वंशाचा, आणि दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर श्रीमंत झालेला. दारूबंदी उठणार हे दिसताच त्याने पैसा यंत्रांत वळवला. बार, सिगारची दुकाने, मिठाईची दुकाने, शाळेजवळचे कोपरे, कुठेही यंत्र असे. काही ठिकाणी मुलांचा हात दांड्याला पोहोचावा म्हणून लाकडी पायऱ्या ठेवल्या होत्या, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. दुकानदाराने नको म्हणायची सोय नव्हती, कारण यंत्राच्या मागे पोलिसांचा हप्ता आणि टॅमनी हॉल या सत्ताधारी टोळक्याचे अभय होते. वर संघीय न्यायालयाचा मनाई हुकूमही होता: मिठाई देणारी यंत्रे पोलिसांनी उचलू नयेत.

1 जानेवारी 1934 रोजी ला गार्डिया महापौर झाले आणि त्यांनी ही यंत्रे पहिल्या शत्रूंच्या यादीत घातली. महापौराला दंडाधिकारी म्हणून बसण्याचा जुना, जवळजवळ विसरला गेलेला अधिकार होता. तो वापरून त्यांनी एका पोलीस ठाण्यात स्वतःच न्यायासन मांडले आणि यंत्राच्या खटल्याची प्राथमिक सुनावणी केली. यंत्र जुगाराचेच आहे हे मागचा भाग उघडून भर ठाण्यात दाखवण्याची ही युक्ती होती. त्याच वर्षी राज्याचा कायदाही कडक झाला. वडीची नळी असो वा नसो, असे यंत्र जवळ बाळगणेच गुन्हा ठरले. ऑक्टोबरमध्ये जप्त यंत्रे मालवाहू तराफ्यावर रचली गेली, महापौरांनी छायाचित्रकारांसमोर घण चालवला आणि मोडके लोखंड लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीत बुडवले गेले.

कॉस्टेलोने काय केले? त्याने उरलेली यंत्रे लुइझियानात हलवली. तिथल्या ह्यूई लाँग या बलाढ्य नेत्यानेच आपल्याला बोलावले, असे त्याने पुढे शपथेवर सांगितले. एका शहराची बंदी दुसऱ्या शहराचा धंदा झाली. यंत्रांची राज्याबाहेर ने-आण रोखणारा संघीय कायदा यायला 1951 साल उजाडले.

महापौरांचे पुढचे पराक्रम अनेक आहेत. ते सर्व सांगण्याची ही जागा नव्हे. गुंडांनी अडवलेला आर्टिचोकचा व्यापार मोडण्यासाठी त्यांनी डिसेंबर 1935 मध्ये भल्या पहाटे ब्राँक्सच्या मंडईत तुतारीवाल्यांसह जाऊन त्या भाजीवर बंदी पुकारली आणि तीन दिवसांत उठवली. तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले असताना विमान न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला का उतरवले, म्हणून ते विमानातून उतरायलाच तयार झाले नाहीत. त्या हट्टातून क्वीन्समधला विमानतळ 1939 मध्ये उभा राहिला. गंमत अशी की, त्याच जागेवर पूर्वी बिअरबागांसह मोठी करमणूक-नगरी होती. दुसरी बाजूही आहे. 1935 च्या हार्लेम दंगलीची चौकशी त्यांनीच करवली, पण समितीचा बोचरा अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राने छापला. आपले हेतू शुद्ध आहेत या खात्रीमुळे आपले अधिकारही अमर्याद असावेत, अशी त्यांची समजूत होत चालली होती.

ती समजूत पिनबॉलच्या प्रकरणात उघडी पडते. मंदीच्या काळात काचेखालचा हा उतरता खेळ देशभर पसरला होता. 1931 मध्ये गॉटलिबचे बॅफल बॉल निघाले आणि एका पेनीत काही चेंडू खेळायला मिळू लागले. बारमध्ये, औषधांच्या दुकानात, केशकर्तनालयात ही यंत्रे आली. बरीचशी यंत्रे नुसत्या करमणुकीची होती. काही मात्र बक्षीस देत, किंवा दुकानदार गुणांप्रमाणे गुपचूप पैसे देई. ला गार्डिया यांच्या दृष्टीने फरक नव्हता. शाळकरी मुलांच्या खिशातले जेवणाचे पैसे हे यंत्र काढून घेते, अशी त्यांची तक्रार होती. जानेवारी 1942 मध्ये ब्राँक्समधल्या एका खटल्याच्या निकालाचा आधार मिळताच त्यांनी शहरभर छापे घालवले. हजारो यंत्रे जप्त झाली. पर्ल हार्बर नुकतेच घडले होते. खेळण्यात अडकलेले धातू युद्धाला हवे आहेत, हे कारण हाती होतेच. पुन्हा घण, पुन्हा छायाचित्रे.

पण 1934 आणि 1942 हे दोन घाव सारखे नाहीत. पहिला घाव एका टोळीवर आणि तिला पोसणाऱ्या पोलिसांवर होता. दुसऱ्यात बहुतांशी छोटे दुकानदार, यंत्रे फिरवणारे छोटे व्यावसायिक आणि पाच सेंटात तासभर मन रमवणारी मुले सापडली. कायद्याचा प्रश्न होता कौशल्याचा की नशिबाचा. आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. 1957 च्या चमारबागवाला निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद कायम केला. आणि 1995 मध्ये कर्नाटकातल्या व्हिडिओ गेम चालकांच्या खटल्यात, यंत्रात फेरफार करून खेळाडूचे कौशल्य निरर्थक करता येते, याची दखल घेत नियमन उचलून धरले. गोव्याने 1992 मध्ये कायदा दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली, तीही कौशल्य सिद्ध करून नव्हे, शुल्क भरून. ला गार्डिया यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, 1942 च्या पिनबॉलला चेंडू परतवणारे पंखे नव्हते. एकदा चेंडू सोडला की टेबल हलवण्यापलीकडे खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नसे.

तिसऱ्या कारकिर्दीच्या शेवटी शहर त्यांना आणि ते शहराला कंटाळले होते. तरीही जुलै 1945 मध्ये वृत्तपत्र वितरकांचा संप झाला, तेव्हा मुलांची चित्रकथा चुकू नये म्हणून ते नभोवाणीवर बसून त्या वाचून दाखवत, हे न्यूयॉर्क विसरले नाही. 1946 मध्ये ते युद्धग्रस्तांना मदत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमुख झाले. त्यांची सख्खी बहीण जेमा रावेन्सब्रूकच्या छळछावणीतून जिवंत सुटली होती. तिचा नवरा नाझींच्या कैदेत मेला होता. अमेरिकेत जन्मूनही हंगेरियन माणसाशी लग्न केल्याने तिचे नागरिकत्व गेले होते. भावाने पैसे पाठवले, पण रांग मोडून तिला आणले नाही. लाखो निर्वासित त्याच रांगेत आहेत, ही त्यांची भूमिका. जेमाला अमेरिकेला पोहोचायला जवळपास दोन वर्षे लागली. 1947 मध्ये ती आली, तेव्हा भाऊ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने खंगला होता. 20 सप्टेंबर 1947 रोजी ब्राँक्समधल्या घरी ते वारले. मागे राहिले ते सुमारे आठ हजार डॉलरचे युद्धरोखे आणि गहाण असलेले घर. बारा वर्षे महापौर राहिलेल्या माणसाची ही कमाई.

त्याच शरद ऋतूत गॉटलिब कंपनीने हम्प्टी डम्प्टी नावाचे पिनबॉल यंत्र बाजारात आणले. त्यात प्रथमच बटण दाबून चेंडू वर फेकणारे पंखे होते, म्हणजे कौशल्याला वाव होता. न्यूयॉर्कची बंदी मात्र उठली नाही; खेळ बदलला तरी हुकूम तसाच राहिला. 1976 मध्ये रॉजर शार्प या लेखकाने नगरसभेच्या समितीसमोर यंत्र आणून, चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगून तसा सोडून दाखवला, तेव्हा बंदी गेली. शहराला परवाना शुल्काचीही गरज होती, हे नमूद केले पाहिजे.

तोवर सरकारच जुगाराच्या धंद्यात उतरले होते. न्यूयॉर्क राज्याची लॉटरी 1967 मध्ये सुरू झाली. 2011 मध्ये ला गार्डिया यांच्या विमानतळाच्याच क्वीन्स विभागात, ॲक्विडक्ट घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, राज्य लॉटरीच्या देखरेखीखाली हजारो जुगारी यंत्रे लागली. इलिनॉयने 2009 च्या कायद्याने बार आणि उपाहारगृहांत व्हिडिओ जुगाराला परवानगी दिली. ऑक्टोबर 2012 मध्ये यंत्रे सुरू झाली. आता बहुतेक परवानाधारक ठिकाणी सहापर्यंत ठेवता येतात, खेळणाऱ्याचे वय किमान 21 हवे, आणि नको असेल त्या गावाला मनाई करण्याची मुभा आहे. राज्याचा कर वजा जाता उरलेली रक्कम यंत्रचालक आणि बारमालक यांत कशी वाटायची, हेही कायद्यातच लिहिले आहे. निम्मी निम्मी.